नववं नाव

कोच व्हर्लिन उनरुह यांच्या हृदयात
मार्चमध्ये जाळी बसवली
आणि जूनमध्ये ते निघाले सायकलवर,
एकशे दहा मैल,
काउन्सिल ग्रोव्हपासून मिसुरीकडच्या तुरुंगापर्यंत.
लोइसबाई म्हणाल्या, जा, पण मागे गाडी हवी.
गाडीवर मी.
कॉलेजात पोरांच्या धावण्याच्या वेळा नोंदतो, तक्ते करतो,
देवाबिवाच्या भानगडीत पडत नाही.

पुढे त्यांच्या पोटऱ्या, मागे माझं बारा मैलांचं रांगणं.
सीटखाली दोन ट्यूब, चिकटवायचं सामान,
ब्रेडच्या पिशवीत गुंडाळलेला, तरी भिजून फुगलेला नवा करार.
रविवारी ते एका चर्चमध्ये उपदेश करतात. माणसं अकरा,
त्यांतली दोन ठार बहिरी.
सायकल भिंतीला टेकवून मागच्या शेडमध्ये पँट चढवतात
आणि घाम पुसत उभे राहतात.
मैदानावर मात्र येशूचं नाव त्यांच्या तोंडून
मी एकदाच ऐकलंय,
रिलेत बॅटन पडलं तेव्हा,
आणि ती काही प्रार्थना नव्हती.

तुरुंगात टोबिन श्राग. चारशे मीटर अडथळे.
बाविसाव्या वर्षी पिऊन गाडी हाणली, एक बाई गेली.
कोच दर जूनला जातात. असेच.

दारावरच्या शिपायाने त्यांना वरून खाली पाहिलं.
ती घट्ट काळी चड्डी.
"असं नाही सोडत आत."
कोचची पँट घरी पलंगावर, घडी घालून विसरलेली.
मग माझी.
मी गाडीत बसून उतरवली, त्यांनी आडोशाला चढवली,
घोट्याच्या चार बोटं वर, बटण लागेना,
आणि माझ्या पँटमध्ये
येशूचा माणूस आत गेला.

पंच्याहत्तर मिनिटं मी कमरेला टॉवेल लावून,
जसा काही सांगलीला न्हाणीतून बाहेर आलोय.
पलीकडच्या गाडीतली एक पोर टक लावून बघत होती.
मी हात हलवला. तिने नाही.

सायकल माझ्या खिडकीला टेकलेली.
आडव्या दांड्यावर पांढरी पट्टी,
पाय मुरगळला की पोरांना बांधतात ती,
तिच्यावर बॉलपेनने नावं. दर दहा मैलांना एक.
हा त्यांचा प्रार्थनेचा हिशोब, सगळ्या कॉलेजला ठाऊक.
पहिलं टोबिन. चौथं लोइस.
सहावं मार्लीस, म्हणजे ती गेलेली बाई.
नववं: चिंता.

मोठ्या अक्षरांत. सी एच आय एन टी ए.
आधी वाटलं, कोचना मराठी येतं की काय.
मग बोटाने चाचपलं.
जागा पुरली नव्हती. उरलेली अक्षरं
दांड्याखाली वळवलेली,
आणि तिथे घाम, माती, चेनचं तेल.
चिंतामणीतला मणी पुसून गेला होता.

म्हणजे येताना, ऐंशी ते नव्वद,
तो सगळा चढ
हा माणूस माझी चिंता वाहत होता
आणि मी मागे एसीत
केळं खात होतो.

बाहेर आले तेव्हा डोळे लाल.
टोबिनबद्दल एवढंच, "वजन वाढलंय त्याचं."
पँट परत दिली, घडी घालून.
मी नावाचं काही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा वारा, सरळ तोंडावर.
मी काट्यावर मैल बघत राहिलो.
सत्तर. पंच्याहत्तर.
धान्याच्या उंच कोठारापाशी ऐंशी झाले.
मागून ओठ दिसत नाहीत. मान दिसते.
मान खाली गेली.
मी एसी बंद केला, काच उतरवली,
गवताचा वास आणि धूळ आत येऊ दिली.

शहाऐंशीव्या मैलाला मागच्या चाकाची हवा गेली.
गवतात फतकल मारून त्यांनी ट्यूब ओढून काढली,
थुंकी लावून भोक शोधू लागले.
मी पंप धरून उभा.
वर न बघताच म्हणाले,
"अजून चार राहिलेत तुझे."